गळ्यातली किल्ली

"पण बाबा, तुला किल्ली कशाला लागते? तू हेअरपिननंसुद्धा उघडशील," चिऊ म्हणाली, आणि ठरत आलेली बोलणी पुन्हा अडकली.

चिऊ पंधरा वर्षांची. तिच्या सगळ्या मैत्रिणी एका अ‍ॅपवर होत्या. तिथले निरोप पाठवणारा आणि घेणारा सोडून तिसऱ्या कुणालाही वाचता येत नसत, अगदी अ‍ॅप बनवणाऱ्यालाही नाही. आईचा त्याला साफ नकार होता. कुणी वाचू नये असं पंधराव्या वर्षी बोलायचं तरी काय असतं, हा तिचा सवाल. सगळंच, हे चिऊचं उत्तर.

बाबांचं कुलुपांचं दुकान घराच्या खालीच होतं. दोघींच्या भांडणाला कंटाळून शेवटी त्यांनीच तोडगा काढला. चिऊनं फोनचा आणि अ‍ॅपचा पासवर्ड कागदावर लिहून लोखंडी पेटीत ठेवायचा. पेटी चिऊच्या खोलीत, किल्ली बाबांच्या गळ्यात. तसाच काही बाका प्रसंग आला तरच पेटी उघडायची, तीही चिऊच्या देखत.

"हे हेअरपिननं उघडत नाही," बाबा पेटीवर टकटक करत म्हणाले. "जुन्या तिजोरीचं कुलूप बसवलंय. किल्ली नसेल तर मलासुद्धा पेटी कापावी लागेल. आणि कापलेली पेटी तुला दिसेलच की."

चिऊनं भिंतीकडे तोंड करून कागद तयार केला, चार घड्या घातल्या आणि पेटीत टाकला. बाबांनी कुलूप लावलं, ओढून बघितलं. मग "कडा गळ्याला टोचतील, जरा घासून आणतो" म्हणत ते दुकानात उतरले. कानशीचा आवाज बराच वेळ येत राहिला. आईनं जेवण दोनदा गरम केलं. या माणसानं एक काम झटपट उरकलं असेल तर शपथ.

पुढे आईचा जीव टांगणीला लागला. फोन वाजला की तिचे कान टवकारायचे.

"अहो, एकदा बघा ना उघडून. तिला कुठे कळतंय?"

"शब्द दिलाय."

"तुम्हाला मोह नाही होत?"

"मला? दुसऱ्याचं बंद कपाट दिसलं की माझे हात शिवशिवतात. उगाच नाही या धंद्यात पडलो." बाबा हसले आणि विषय तिथेच राहिला.

मग एकाएकी चिऊ गप्प झाली. ताटात अर्धं टाकायला लागली. फोन थरथरला की तिचा चेहरा उतरायचा. विचारलं तर "काही नाही." दोन दिवस आईनं कळ काढली, तिसऱ्या दिवशी ती थेट दुकानात गेली.

"आज उघडा. तिच्यासमोर उघडा, पण उघडा."

बाबांनी शर्टाच्या आतून काळा गोफ ओढून काढला. किल्ली मुठीत घट्ट धरून ते कितीतरी वेळ तसेच उभे राहिले. मग त्यांनी ती परत आत सोडली.

"नाही. आधी तिला सांगू दे."

"तुमचा शब्द मोठा की पोरगी?" आईचा आवाज फुटला.

बाबा आईच्या मागे बघत होते. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर चिऊ उभी होती.

ती आली आणि तिनं फोन बाबांच्या टेबलावर, किल्ल्यांच्या ढिगाशेजारी ठेवला. दुसऱ्या शाळेतला मुलगा म्हणून कुणीतरी अ‍ॅपवरच्या त्यांच्या गटात शिरला होता. आधी गोड बोलला, आता फोटो मागत होता, नाही दिले तर बदनामी करीन म्हणत होता.

"तू दिलेस?" आईनं विचारलं.

"नाही."

आई मिळेल त्या स्टुलावर टेकली. मग तिघांनी मिळून सगळं निस्तरलं. निरोपांचे पुरावे ठेवले, त्याला ब्लॉक केलं, शाळेत कळवलं, तक्रार नोंदवली.

अ‍ॅप राहिलं. चिऊ मात्र जेवताना आपणहून सांगायला लागली, कोण कुणाशी बोलत नाही, कुणाला कोण आवडतं. ते इतकं वाढलं, की आधीचंच बरं होतं, असं आई म्हणायची. घर पुन्हा गजबजलं होतं आणि आई मनातून खूश होती.

एकदा कपड्यांच्या घड्या घालताना चिऊ म्हणाली, "आई, बाबाला सांगणार नसशील तर एक सांगते. पेटीतला कागद कोरा आहे."

"कोरा?"

"पहिल्या दिवसापासून. मला वाटलं, हा आठ दिवसांत गुपचूप उघडणार, मग मी भांडणार. त्यानं उघडलीच नाही गं. तू एवढं म्हणालीस तरी नाही. आता कुठल्या तोंडानं सांगू? बिचारा ती किल्ली गळ्यात घालून झोपतो."

"नकोच सांगूस," आई म्हणाली, आणि तिला इतकं हसू आलं की घातलेली घडी विस्कटली.

दुसऱ्या दिवशी चिऊ शाळेत गेली होती, बाबा आंघोळीला. न्हाणीघराच्या दाराबाहेर खुंटीवर टॉवेलशेजारी काळा गोफ लटकत होता. इतके दिवस ही पेटी उघडायला आई तळमळली होती. आता आत काहीच नव्हतं, म्हणजे कुणाचा शब्द मोडायचाही प्रश्न नव्हता. कोरा तर कोरा, एकदा बघावा तरी.

चिऊच्या पलंगावर बसून तिनं पेटी मांडीवर घेतली. किल्ली आत गेली, पण फिरेना. तिनं पुसून पुन्हा घातली, जोर लावला, उलटी करून पाहिली.

मग ती खिडकीशी गेली आणि किल्ली उजेडात धरली. किल्लीचे सगळे दाते कानशीनं घासून साफ सपाट केलेले होते.