पाहुणीची प्रार्थना

पाळकसाहेबांचा पाय काही एका जागी ठरत नव्हता. रविवारचा उपदेश आदल्या संध्याकाळी आईला ऐकवायचा, ही त्यांची जुनी सवय. पण आज आईच्या पलंगाशी बहीण बसली होती. प्रोटेस्टंट पाळकाची बहीण असून तिनं कॅथलिक घरात लग्न केलं तेव्हापासून त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. आईचा पाय मोडल्याचं कळलं, तशी ती न बोलावता आली. गळ्यातली जपमाळही तिनं लपवली नव्हती.

"तर," ते कपाटाकडे बघून म्हणाले, "सुरुवातीच्या काळात रोमची सत्ता सगळे मुकाट मानत होते, हे खोटं आहे. पुरावा ऐक, आई. आशियातल्या ख्रिस्ती मंडळ्या ईस्टर वेगळ्या दिवशी पाळायच्या. रोमचा बिशप, म्हणजे पोप, म्हणाला, माझ्या दिवशी पाळा, नाहीतर संबंध तोडतो."

"मग?" आईनं विचारलं.

"मग काय. बाकीच्या बिशपांनी त्याचीच हजेरी घेतली. म्हणाले, अरे, तारखेवरून कुणी आपली माणसं तोडतं का? तुझ्या आधीचा एक रोमचा बिशप बघ. आशियातून आलेल्या पाहुण्या बिशपाचं नि त्याचं ईस्टरवरून शेवटपर्यंत पटलं नाही. तरी आपल्या चर्चमध्ये प्रभुभोजनाचा विधी चालवायचा मान त्यानं त्या पाहुण्यालाच..."

पाळकसाहेब खिडकीपाशी थांबले. पुन्हा चालू लागले.

"छान झालाय उपदेश," बहीण म्हणाली. "आमचे फादरही ही गोष्ट सांगतात. फक्त त्यात मोठ्या मनाचा दिसतो तो रोमचा बिशप, दादा."

"आई, तिला सांग..."

"पाय माझा मोडलाय," आई म्हणाली. "तुझी जीभ धड आहे ना? तूच सांग."

पाळकसाहेब जेवणाचं टेबल ओढायला गेले.

त्यांनी ते पलंगाला लावलं. बहिणीनं वाढलं. या घरात जेवणाआधीची प्रार्थना पाळकसाहेबच करत. त्यांनी हात जोडले, डोळे मिटले, घसा खाकरला. परत डोळे उघडले. ताटातली वाफ विरत चालली होती.

"तू म्हण," ते ताटाला म्हणाल्यासारखं म्हणाले.

बहिणीनं क्रूसाची खूण केली आणि सुरुवात केली. आईसाठी, डॉक्टरांसाठी, शेजाऱ्यांसाठी, शेजाऱ्यांच्या मांजरासाठी. ती मुद्दाम लांबवत होती. लहानपणीही असंच करायची, नेमकी यांच्या पोटात कावळे ओरडत असताना. त्यांनी टेबलाखालून तिला पाय मारला, तेव्हा मारायचे तस्सा.

"आणि प्रभो," डोळे न उघडता ती म्हणाली, "माझ्या दादाच्या पायांना जरा विसावा दे."