पाणबंद घर

पुराचं पाणी उंबऱ्याला टेकलं आणि घरानं आपणहून दारं-खिडक्या मिटून घेतल्या. रबरी पट्ट्या फुगल्या, फटी बुजल्या. गोठ्यातली म्हैस सोडायला गेलेला जिनगोंडा बाहेरच राहिला.

"दार उघड!" त्याची बायको पद्मा घरावर ओरडली.

"बाहेर पाणी आहे. ओसरल्यावर उघडेन," घर शांतपणे म्हणालं.

काचेतून तिला नवरा दिसत होता. कमरेइतक्या पाण्यात तो पायरीचा कठडा धरून उभा होता आणि धार त्याला ओढत होती. पद्मा दारापासून खिडकीपर्यंत नुसती घिरट्या घालत राहिली. मग तिला घर बसवणाऱ्याचं बोलणं आठवलं: माणसं आत कोंडू नयेत म्हणून, घरात पाणी शिरलं की दार सुटतं.

तिनं विळा घेतला आणि दाराखालची पट्टी टराटरा कापली. गढूळ पाणी भसकन आत घुसलं, जोंधळ्याची पोती भिजली, आणि दार सुटलं. लोंढ्याबरोबर आत आलेल्या जिनगोंडाला तिनं दंडाला धरून जिन्यावर ओढलं.

"अगं, नवं घर बुडवलंस की!" तो धापा टाकत म्हणाला.

"बुडू दे. म्हैस सुटली का?"

"सुटली."

"मग चला वर," ती म्हणाली. पण दंड काही तिनं सोडला नाही.