गच्चीवरचं ऊन

शैलजाताईंनी भल्या सकाळी कुरडया सौर पॅनलवर वाळत घातल्या. काच स्वच्छ होती, तापायचीही लवकर. अर्ध्या तासात वीज कंपनीचा माणूस गच्चीवर हजर.

“पॅनल आमचं आहे हो! पदरचे पैसे घालून बसवलंय.”

“पॅनल तुमचंच, ताई. पण नव्या नियमानं, एकदा पॅनल बसवलं की गच्चीवरचं सगळं ऊन कंपनीचं. ते तुम्ही कुरडयांना वापरलंत. बिलात लागणार.”

“आणि आमच्याच उन्हाची वीज संध्याकाळी आम्हालाच दुप्पट भावानं विकता, त्याचं काय?”

“नियम मी थोडाच केलाय?” असं म्हणत त्यानं एक ओलसर कुरडई उचलून तोंडात टाकली.

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण कुरडया गोळा करण्यावाचून इलाज नव्हता.

माणूस जिन्याकडे वळला आणि थबकला. कठड्याशी ताईंची सून तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन कोवळं ऊन देत बसली होती. त्यानं बाळाकडे पाहून कौतुकानं चुटकी वाजवली, खिशातलं बिलाचं यंत्र काढलं आणि विचारलं, “रोज किती वेळ ऊन देता?”

सून गोंधळून सासूकडे बघू लागली. शैलजाताई पुढे झाल्या आणि त्यांनी बाळावर पदराची सावली धरली.