गडाचा प्रसाद

घरी नारायणगडाला दर्शनाला जाते म्हणून सांगून शिवकन्या बीडला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे आली होती. "बाळंतपणानंतर अंग सुटलं. तवापासून आरशावर टावेल टाकूनच साडी नेसते," एवढंच बोलून ती थकली.

निघताना दवाखान्यातल्या मावशींनी विचारलं, "घरी कुठं जाते म्हणून सांगितलंस?"

पुन्हा खोटं बोलायचं त्राण तिच्यात नव्हतं. "नारायणगडाला."

मावशींनी टेबलाचा खण ओढला आणि साखरफुटाण्यांची पुडी काढून तिच्या हातावर ठेवली. "सासूला प्रसाद म्हणून दे. रिकाम्या हातानं गेलीस तर इचारतील."

खणात तसल्या आणखी बऱ्याच पुड्या होत्या. शिवकन्या बघतच राहिली.

मावशी खण लावत म्हणाल्या, "आज लई जणी गडावर गेल्यात."