सीट अजून खाली

"काका, राग मानू नका, पण हिच्यात पैसे घालण्यापेक्षा नवी घ्या," सायकलवाला म्हणाला आणि काकांचं टाळकंच सरकलं.

"मी तुला सल्ला विचारला? याच सायकलवर मी छापखान्यात जायचो. उन्हातान्हात, रोज! एकदाही कामावर उशीर झाला नाही. आणि तू म्हणतोस भंगारात टाक!"

"भंगार म्हटलं नाही मी."

"तोंडावर दिसतंय तुझ्या!"

सायकलवाला वाकून टायर चाचपू लागला. सायकल जुनी हायब्रीड होती, म्हणजे ना शर्यतीची ना डोंगरातली, रोजच्या रस्त्याला बरी अशी. टायरांना भेगा पडल्या होत्या. काकांनी ती घरापासून ढकलत आणली होती.

खरं तर संताप सायकलवाल्यावर नव्हताच. नदीपलीकडे जाणारी बस बंद झाली होती. प्रवासी कमी म्हणे! अरे, कमी असली तरी माणसंच ना ती? पलीकडे काकूंची थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली. इकडे काकूंचा गुडघा कामातून गेलेला, आणि टॅक्सी काही रोज परवडत नाही. ताई फोनवर एवढंच विचारायची, "येतेस ना गं?" मग काकू फोन ठेवून खिडकीशी जाऊन बसायच्या. ते बसणं काकांना बघवत नव्हतं.

"आमच्या हिला मागे बसवून पलीकडे न्यायचंय," काका म्हणाले. "त्या हिशेबाने काय बदलायचं ते बोल. उगाच झगमगाट नको. खिसा बघून."

सायकलवाल्याने चेन बोटाने उचलून पाहिली. "चेन ताणलीय. नुसती चेन घातली तर जुन्या दात्यांवरून घसरेल, म्हणून मागची गिअरची चक्रंही बदलू. जास्त दात्यांची घेऊ, पुलाच्या चढाला हलकी जाईल. टायर आणि ब्रेक नवे. बाकी आहे ते चालेल, त्यात खर्च नको."

माणूस सरळ बोलत होता. काका मनातून विरघळले, पण चेहऱ्यावर दाखवतील तर शपथ.

"फक्त ते कॅरियर, काका. ते सामानासाठी असतं हो."

"इतकी वर्षं याच कॅरियरवर अख्खा माणूस बसायचा! तो काय सामान होता?"

"बरं बरं. जाड सळ्यांचं लावतो."

"आणि सीट खाली घे."

सायकलवाल्याने सीट खाली घेतली.

"अजून खाली. दोन्ही पाय जमिनीला पुरते टेकले पाहिजेत."

"एवढी खाली घेतली तर पेडल मारताना पाय सरळ होणार नाही. गुडघे धरतील."

"गुडघे माझे आहेत की तुझे?"

आठवडाभराने सायकल तयार झाली. नवी चेन चकाकत होती, ब्रेक नुसता हात लावला तरी लागत होता. सायकलवाला स्वतःच खूश होऊन म्हणाला, "काका, एक चक्कर तर मारून बघा!"

"तूच मार. तुझ्या जिभेवर नाही, पण हातावर विश्वास आहे माझा."

त्याने कोपऱ्यापर्यंत जाऊन चक्कर मारली. काका बारीक नजरेने त्याच्या पायांकडे बघत राहिले. मग पैसे चुकते करून सायकल ढकलत घरी घेऊन आले.

काकू दारातच उभ्या होत्या. त्यांचा अंगठा आपसूक घंटीवर गेला. "अहो, पण जमेल का तुम्हाला?"

"न जमायला काय झालं? बस बंद करणाऱ्यांच्या नाकावर टिच्चून नेतो की नाही बघ!"

सकाळी दोघं ओस पडलेल्या बस आगाराच्या आवारात गेले. काकू काठी टेकत, काका सायकल ढकलत. काकू बाकावर बसल्या. काकांनी सीटवर बूड टेकलं, पाय जमिनीवर रोवले, हँडल घट्ट आवळलं आणि निघाले. सायकल डावीकडे झुकली, उजवीकडे झुकली आणि सरळ कुंपणाच्या जाळीत जाऊन घुसली.

"चाक वाकडं बसवलंय त्या गाढवाने!" कोपर चोळत काका ओरडले. "आत्ताच्या आत्ता जाऊन जाब विचारतो!"

"काही वाकडं नाही चाक!" काकूंनी काठी आपटली. "उठा. समोर बघा, पायांकडे नको. तिकडे ताई डोळे लावून बसलीय, आणि इथे तुम्ही! इतकी वर्षं माझ्या मागे कॅरियरवर बसून कामाला गेलात, एकदा तरी डोकावून बघायचं होतं, मी ही सायकल चालवते कशी!"