टाकीचं बूच

मुलीने जुन्या गाडीत दांडगं इंजिन बसवलं, पण गाडी दरवेळी बाजाराच्या वळणावर मान टाकायची. “आज बंद पडली तर थेट भंगारात,” बाबांनी बजावलं होतं. आजही ती तिथेच थांबली. पेट्रोल तरी आहे का बघायला बाबांनी तणतणत टाकीचं झाकण फिरवलं. सूंऽऽ करून हवा आत शिरली आणि त्यांना बूच आठवलं. टाकीत हवा जाण्याच्या नळीला त्यांनीच गुपचूप बूच मारलं होतं. गॅरेजवरच्या त्यांच्या खोलीत पेट्रोलचा वास यायचा म्हणून. हवेशिवाय पेट्रोल इंजिनाकडे सरकणार कसं? त्यांनी बूच उपटून खिशात टाकलं. “कर सुरू!” ते आत बसत म्हणाले. गाडी डरकाळी फोडून सुटली. वळण गेलं, घरही मागे पडलं. “अजून एक चक्कर!” बाबा ओरडले. “मारते की,” मुलगी हसली; मघाशी तिने आरशात सगळं पाहिलं होतं. “आधी खिशातलं बूच फेका.” “फेकलं! येऊ दे वास!”