हक्कांचा कागद

नवी कंपनी विकत घ्यायला गिऱ्हाईक आले, तेव्हा त्याच्या वकिलाने नेमके दुखऱ्या जागी बोट ठेवले : "वेबसाइट मित्राने बनवून दिली आणि हक्क लिहून दिले नसतील, तर ती अजून त्याचीच."

कंपनीच्या मालकाने मित्राला चार मेल पाठवले. एकाचेही उत्तर आले नाही. 'आपल्यात कसला कागद?' असे हसून म्हणणारा माणूस आता अडवून धरतो आहे, ही चीड घेऊन तो दोन वर्षांनी त्याच्या दारात उभा राहिला.

"वहिनी, त्याला म्हणावं, किती ताणशील? एका सहीचा तर प्रश्न आहे."

वहिनींनी त्याला आतल्या खोलीत नेले. मित्र उशांना टेकून बसला होता. मालकाला पाहताच तो वाकड्या झालेल्या तोंडाने हसला आणि त्याने पुढे केलेला कागद डाव्या हाताने जवळ ओढू लागला.

"वर्ष होईल लकव्याला, भाऊजी. वाचा गेली, उजवा हातही गेला," वहिनी म्हणाल्या. "अंगठा चालेल का?"

मालकाने बाहेर जाऊन वकिलाला फोन लावला आणि तो सुटकेचा निःश्वास टाकत परत आला.

"चालेल, वहिनी. फक्त दोन साक्षीदार लागतील. ओळखीचं कुणी येतं-जातं का याच्याकडे?"